प्रत्यक्ष पाहिले

"बाई, दाराक पाठ करून बसा," भागीरथी म्हणाली.

मी दाराकडे तोंड करून बसले होते. त्या दारातूनच तिचा नवरा येणार होता, आणि त्याला बघायलाच मी लाँचमध्ये दोनदा ओकून त्या बेटावर आले होते.

"का बरं?"

"ते येतले आता. तेंका बघूचा नसता."

"अहो, मला बघायचंच आहे त्यांना. दुसरं काम काय माझं इथे?"

तिची मुलगी सुरंगी कंदिलाची काच पुसत होती. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "बाई, बसा ना तशा. पाहुण्यांनाही तेच आहे इथे."

ज्या घरचं मीठ खायचं त्या घरची रीत मोडू नये, एवढं मला कळत होतं. कुरकुरत का होईना, मी वळून बसले.

मी दाबके. तेव्हा किनाऱ्यावरच्या एका कॉलेजात क्लार्क होते. वय एकोणतीस, लग्न झालेलं नाही, म्हणून कुठेही दौऱ्यावर पाठवायला सोयीची. कागदाच्या बाबतीत मी नाकासमोर चालणारी होते आणि त्याचा मला ताठाही होता. माझ्या सहीखाली खोटं अक्षर नाही, असं मी येताजाता सांगायची. लोक मागे हसायचे, पण अडलं की माझ्याच टेबलापाशी यायचे.

आडबेट आमच्या कॉलेजच्या गच्चीवरून दिसायचं. हवा स्वच्छ असली तर तिथले माड मोजता यायचे. पण जुन्या कुठल्याशा राजवटीच्या भानगडीत ते बेट आमच्या राज्यात आलंच नव्हतं, कागदोपत्री ते थेट दिल्लीचं. त्यामुळे तिथल्या मुलांना बाहेरची फी पडायची. नागपूरहून दोन दिवसांचा प्रवास करून आलेला मुलगा आतला, आणि दीड तासावरून आलेली, मराठीच बोलणारी मुलगी बाहेरची. बाहेरची फी आतल्या फीच्या पाचपट होती. बेटावरची मुलं म्हणून यायचीच नाहीत, आलीच तर वर्षभरात परत जायची.

त्या वर्षी सवलत निघाली. ज्याचा पालक वीस वर्षं बेटावर राहतोय, त्याला आतली फी. सवलतीचा कागद वाळायच्या आत परराज्यातल्या चार हुशार बापांनी बेटावरचे पत्ते पैदा केले. मग अर्जावर एक रकाना वाढला. 'पालकास त्याच्या घरी प्रत्यक्ष पाहिले. होय / नाही.' खाली पाहणाऱ्याची सही. ती पाहणारी मी.

अर्ज नऊ होते. शनिवारी दुपारपर्यंत आठ बाप मी बघून टाकले. कुणी जाळं दुरुस्त करत होता, कुणी झिंगून पडला होता. बाप शुद्धीवर असावा अशी काही रकान्याची अट नव्हती. नववा अर्ज सुरंगीचा. किनाऱ्यावरच्या मावशीकडे राहून तिने बारावी केलेली, सायन्सला अठ्ठ्याहत्तर टक्के. बेटावरून कॉलेजात येणारी ती पहिली मुलगी ठरणार होती. फी भरायची शेवटची तारीख बुधवार. बाहेरची फी भरायची म्हटली तर त्यांनी घर विकूनही पुरलं नसतं, कारण ते घर घेणार कोण?

वडिलांचं नाव भिवा नारायण मेथर. धंदा मासेमारी. हयात आहेत का? 'आहेत.'

"कुठे आहेत ते?" मी दुपारी विचारलं होतं.

"दर्यात," भागीरथी म्हणाली.

"कधी येतील?"

"दिवेलागणीक."

परतीची लाँच सोमवारी सकाळी होती. मी थांबले.

तर आम्ही तिघी मागच्या भिंतीकडे तोंड करून बसलो. डावीकडे आई, उजवीकडे मुलगी, दोघींचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागलेले. आधी शेजारच्या घरातून पाण्याचा आवाज आला, पायांवर तांब्या ओतल्याचा. मग त्याच्या पलीकडच्या घरातून. मग चढावरच्या एका घरातून. पण बोलण्याचा आवाज कुठेच नाही. दिवसभर माझ्यावर भुंकून बेजार करणारी कुत्री होती, तीही गप्प.

मग आमच्या अंगणात पावलं वाजली. अंगणात शिंपल्यांचा चुरा टाकलेला होता, तो करकरला. पावलं जड होती, आणि ओली. ती पायरीपाशी थांबली. तांब्या उचलला गेला, पाणी पडलं, तांब्या परत ठेवला गेला. पावलं आत आली आणि माझ्या मागे, हातभर अंतरावर, चटईवर कुणीतरी बसलं.

मे महिन्याचा शेवट होता, अंगाची नुसती लाही होत होती, आणि माझ्या मानेवर काटा आला. खाऱ्या पाण्यात फार दिवस राहिलेल्या दोरखंडाचा वास येत होता. थेंब पडत होते, एकेक. भागीरथीने वाढलेलं ताट न वळताच मागे सरकवलं. मी तोंड उघडून "मेथर..." एवढंच म्हणाले, तर सुरंगीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता.

बऱ्याच वेळाने भागीरथी म्हणाली, "गेले."

मी वळले. ताट भरलेलंच होतं. चटई एक माणूस बसेल एवढीच भिजली होती. सारवलेल्या जमिनीवर दारापासून चटईपर्यंत ओली पावलं उमटली होती. परत जाणारं एकही पाऊल नव्हतं.

आणि मी पहिलं वाक्य काय बोलले असेन? "पण मी त्यांना पाहिलं नाही!" आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तेव्हा सुरंगीने सांगितलं. सात वर्षांपूर्वी वादळात होडी उलटली. होडीत चौघे होते. तिघे पोहत आले, भिवा आला नाही, आणि त्याचं अंगही मिळालं नाही. बेटावर अंग मिळाल्याशिवाय कुणाला मेलेलं म्हणत नाहीत. बायको कुंकू लावते, बांगड्या भरते, ताट वाढते, दिवेलागणीला दारात पाणी ठेवते आणि पाठ करून बसते. अशी अकरा घरं होती.

"म्हणजे वारलेत ते," मी म्हणाले.

"तसा म्हणूचा नाय ह्या घरात," भागीरथी म्हणाली. ती रागावली नव्हती. तिने ताट उचललं आणि त्यातला भात बाहेर मांजरीला घातला.

"मग अर्जात 'आहेत' असं का लिहिलंत?"

"आसत म्हणान," ती म्हणाली.

मी त्या रात्री मनाशी पुष्कळ खल केला. शेजारचा कुणी येत असेल, दीर असेल, सगळ्यांचं संगनमत असेल. सकाळी उठून शेजारी कोण कोण राहतं ते बघून आले. एका बाजूला दोन म्हाताऱ्या, दुसऱ्या बाजूला बाळंतीण. मग मी तो विचार सोडून दिला आणि हातातल्या कामाकडे वळले. माझं हे असंच. कळेनासं झालं की मी नियमावली उघडते.

आणि नियमावलीत वाट सापडली! कलम चार. पालक मयत असल्यास आईस पालक धरावे, मृत्यूचा दाखला नसल्यास आईचे लेखी निवेदन दोन साक्षीदारांसमक्ष घ्यावे. आई काय, बेटाबाहेर गेलेलीच नव्हती, ती समोर बसलेली होती. तिला तर मी प्रत्यक्ष पाहिलं होतं. माझ्या मते घोडं गंगेत न्हालं होतं. खरं सांगते, मला मनापासून आनंद झाला. ती हुशार मुलगी मला आवडली होती.

सुरंगी विहिरीवर होती. मी तिला सांगितलं. तिने कळशी खाली ठेवली.

"नको बाई."

"अगं, एका ओळीचं काम. 'माझे पती मयत आहेत.' बास."

"तसं लिहिलं की ते यायचे थांबतात. शाळेजवळच्या काकूने पेन्शनीसाठी लिहून दिलं होतं. त्याच दिवसापासून बंद."

"मग काय करायचं?"

"तुम्ही ऐकलंत ना काल? घरी होते एवढं लिहा."

"रकान्यात 'पाहिले' आहे, सुरंगी. 'ऐकले' नाही."

"मग आज वळून बघा."

मी विचारलं, "वळून बघितलं तर काय होतं?"

"तेच होतं. परत येत नाहीत." ती कळशीच्या काठावरून बोट फिरवत राहिली. "बाई, नागपूरहून येणाऱ्या मुलांचे बाप बघायला कोण गेलं होतं?"

कुणीच गेलं नव्हतं. त्या वर्षी आमच्याकडे सहाशे अर्ज होते. हे नऊ सोडले तर एकाच्याही बापाच्या घरी जाऊन, बाबा रे, तू आहेस का, असं कुणी विचारलं नव्हतं. ते सगळे आतले होते, त्यांचे बाप असले काय, नसले काय. मी चिडले.

"नियम मी केलेले नाहीत," मी म्हणाले.

"माहीत आहे. मी नाही शिकत बाई. तुम्ही 'नाही'वर खूण करा."

तिने कळशी उचलली आणि ती निघाली. पण भागीरथी विहिरीच्या वाटेवरच उभी होती. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे.

दुपारी जेवणं झाल्यावर तिने सुरंगीला काहीतरी निमित्ताने शाळेजवळच्या काकूकडे पाठवलं आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"काय लिवचा आसा ता लिवा," ती म्हणाली.

"सुरंगी नको म्हणत होती."

"ता चेडू आसा. तेका काय कळता? हय ऱ्हवला तर उद्या ह्या दारात तांब्यो ठेवीत बसात, माझ्यासारख्या." तिने माझ्या पुढ्यातल्या कोऱ्या कागदाला बोट लावलं. "बाई, ह्या कागदान काम नक्की होतला मां? मागसून आणि काय निघाचा नाय?"

"नक्की," मी म्हणाले. "माझा शब्द."

साक्षीला शाळेचे मास्तर आणि लाँचचा तांडेल आले. मी निवेदन सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि वाचून दाखवलं. 'मयत' या शब्दाशी तांडेलाने डोक्यावरची टोपी काढली. दोघांनी सह्या केल्या आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. भागीरथीला सही येत होती. तिने ती सावकाश केली, वर रेघ ओढली, आणि कागद स्वतःच घडी घालून माझ्या हातात दिला. मी तो पर्समध्ये ठेवला. ती पर्स मी दिवसभर काखेतून काढली नाही.

सुरंगी परत आली आणि आईच्या तोंडाकडे बघूनच समजली. ती आत गेली. चुलीपाशी बसून राहिली.

दिवेलागण झाली. मी विचारलं, "आज बसायचं का?"

"बसूचा तर," भागीरथी म्हणाली. तांब्या तिने पायरीवर ठेवला होताच. ताट मात्र वाढलं नव्हतं.

आम्ही कालच्यासारख्याच बसलो. शेजारी पाणी वाजलं. त्याच्या पलीकडे वाजलं. चढावर वाजलं. आमच्या अंगणात काहीच नाही. मी मनात म्हटलं, चला, संपलं, येत नाहीत. माझा श्वास मोकळा होतोय तेवढ्यात चुरा करकरला.

पावलं पायरीपाशी आली. तांब्या उचलला गेला नाही. उंबऱ्याच्या बाहेर कुणीतरी उभं होतं आणि आत येत नव्हतं. थेंब पायरीच्या दगडावर पडत होते. दुसऱ्याच्या घरी आलेला माणूस, आत या म्हणेपर्यंत थांबतो, तसं ते उभं राहणं होतं.

माझी पर्स मांडीवर होती. कागद आत होता. एकदा टरकावला असता की झालं असतं. सुरंगीने माझ्याकडे पाहिलं, पर्सकडे पाहिलं. तिचा हात पुढे आला. मी पर्स घट्ट धरली नव्हती, हे मी शपथेवर सांगते. तिने तो कागद घेतला असता तर मी घेऊ दिला असता.

पण भागीरथीने तो हात मधेच धरला. आणि सात वर्षांत त्या वेळेला त्या घरातलं कुणी बोललं नव्हतं, ती बोलली. तोंड भिंतीकडेच होतं.

"ओ, ऐकतास मां? आत येव नकात. मिया आज लिवन दिलंय, तुमी गेलास म्हणान. चेडवाक शिकाक धाडूचा आसा, दुसरी वाट नाय." ती थांबली. बाहेर थेंबही थांबल्यासारखे झाले. "सात वर्सां येतास. पाय दुखत नाय काय तुमचे? जावा आता. निजा."

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग चुऱ्यावर पावलं वाजली, पाठमोरी, सावकाश, आणि खाली दर्याच्या बाजूला उतरत गेली. सुरंगी तोंडात पदर कोंबून रडत होती. मीही रडत होते, आणि का ते मला नीटसं कळत नव्हतं, कारण माझा तर अशा गोष्टींवर विश्वास नव्हता.

भागीरथी उठली. वळली. दाराकडे तोंड करून उभी राहिली आणि रिकाम्या अंगणाकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग पायरीवर जाऊन बसली आणि दगडावर आपल्या बांगड्या फोडल्या. आधी उजव्या हातातल्या, मग डाव्या.

सोमवारी अकराला मी ऑफिसात होते. तोंडसुद्धा न धुता नऊ अर्ज फाइलला लावले, सुरंगीच्या अर्जाला निवेदन टाचलं आणि प्राचार्यांच्या खोलीत नेले. ते आठवडाभर पुण्याला होते, त्याच सकाळी आले होते. ट्रेमधलं साठलेलं टपाल चाळत होते.

"दाबकेबाई, बेटावर जाऊन आलात? अरेरे," ते म्हणाले. "उगीच हेलपाटा झाला तुम्हाला. हे बघा."

परिपत्रक होतं. आडबेटाच्या सर्व विद्यार्थ्यांना चालू वर्षापासून सरसकट आतली फी. पालकांच्या पडताळणीची अट रद्द. कोणताही पुरावा मागू नये. तारीख दहा दिवसांपूर्वीची होती. कोपऱ्यात आमच्या कॉलेजचा आवक शिक्का होता, शुक्रवारचा, आणि शिक्क्यावर आद्याक्षरं माझी होती.

शुक्रवारी मी ते पाकीट फोडलं होतं, क्रमांक टाकला होता, शिक्का मारला होता आणि साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवलं होतं. वाचलं नव्हतं. साहेबांच्या नावाचं टपाल आपण वाचायचं नाही, हा माझा नियम होता. त्याचाही मला ताठा होता. शिवाय दुसऱ्या दिवशी लवकर लाँच पकडायची होती.

"हे काय जोडलंय?" प्राचार्यांनी निवेदन उलटंपालटं करून विचारलं. "हे आता नको. काढून टाका."

मी काढलं. ते घेऊन पुन्हा लाँचने जावं, तिच्यासमोर फाडावं, असं त्या दिवशी मला शंभरदा वाटलं. पण फाडून काय होणार होतं? तिने तर तोंडाने सांगितलं होतं. तोंडाने सांगितलेलं कसं फाडतात, ते मला माहीत नव्हतं. आणि भीती वाटली, हेही खरं. मी गेले नाही.

छत्तीस वर्षं मी हे कुणाला सांगितलेलं नाही. भागीरथी गेल्या मार्गशीर्षात वारली, म्हणून आता लिहिते. सुरंगीच्या वाचनात आलं तर येवो. तिने मला काय म्हणायचं ते म्हणावं, तो तिचा हक्क आहे.

बुधवारी ती आली होती. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या लाँचने, एकटी. खिडकीपाशी रांग होती, ती तिच्या नंबरापर्यंत शांत उभी राहिली. पैसे रुमालात बांधलेले होते, आतल्या फीचे. मी पावती फाडली आणि तिच्या हातात दिली. ती पावतीवरचा आकडा बघत राहिली.

"बाई," ती खालच्या आवाजात म्हणाली, "आयेचो तो कागद लागलो मां?"

माझ्या सहीखाली खोटं अक्षर नाही, असं मी आयुष्यभर सांगत आले. ते खरंच आहे. हे मी तोंडाने बोलले.

"लागला," मी म्हणाले. "त्याच्याशिवाय झालंच नसतं."

तिने पावतीची घडी केली आणि रुमालात बांधली.

"सांगतंय तिका," ती म्हणाली. "बरा वाटात तिका."

तिच्या मागे अजून चौघं उभे होते. मी पुढच्याचं नाव पुकारलं.